पाय वेम्ब्लीचा, डोकं ग्रोनिंगनचं

२० मे १९९२. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर युरोपियन चषकाचा अंतिम सामना जादा वेळेत गेला होता. बार्सिलोना आणि इटलीचा साम्पदोरिया, दोघांचीही पाटी कोरी. ११२व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राच्या थोडं बाहेर बार्सिलोनाला फ्री-किक मिळाली. समोर भिंत उभी राहिली. स्टोइचकोव्हने चेंडू हलकेच बाजूला सारला, बाकेरोने तो तळव्याने जागीच दाबून धरला आणि मागून धावत आलेल्या सोनेरी केसांच्या बचावपटूने उजव्या पायाने त्यावर असा तडाखा दिला की भिंतीतून पुढे सरसावलेल्यांना पाय लांबवायचीही उसंत मिळाली नाही. गोलरक्षक पाग्लिउकाने झेप घेतली खरी, पण चेंडू तोवर जाळीत होता. प्रशिक्षक योहान क्रायफ जाहिरातींच्या फळ्यांवरून कसाबसा पाय टाकून मैदानाकडे निघाला.

या फ्री-किकमधली तो चेंडू सारण्याची क्रिया नीट पाहावी. फ्री-किकच्या वेळी प्रतिस्पर्ध्यांची भिंत चेंडूपासून ९.१५ मीटरवर उभी राहते आणि गोलची एक बाजू झाकते. उरलेली बाजू गोलरक्षक सांभाळतो. ही सगळी मांडणी चेंडू जिथे ठेवलाय त्या ठिकाणाच्या हिशोबाने केलेली असते. चेंडू हात-दीड हात बाजूला सरकला की हिशोब चुकतो. भिंतीला जागा बदलावी लागते, ती बदलताना तिच्यात फट पडते आणि गोलरक्षकाला चेंडू पायातून सुटतानाचा क्षण दिसत नाही. युक्ती साधी आहे, पण ती चालते कधी? मारणाऱ्याच्या पायात बंदुकीचा वेग असेल तरच. त्या काळात युरोपभर ज्याचा धसका घेतला जाई, असा एक पाय रोनाल्ड कूमनचा होता.

बार्सिलोनाने १९६१ आणि १९८६ अशा दोन अंतिम सामन्यांत हार पत्करली होती. त्यातला दुसरा तर स्पेनमध्येच, सेव्हियात, स्टेआउआ बुखारेस्टविरुद्ध पेनल्टींवर गमावलेला. तोवर रेआल माद्रिदकडे हा चषक सहा वेळा जाऊन बसला होता. त्यामुळे वेम्ब्लीच्या त्या एका फटक्याने बार्सिलोना शहराची किती वर्षांची सल निघाली, ते माद्रिदच्या माणसाला विचारून कळणार नाही. सामना बार्सिलोनाने नारिंगी शर्ट घालून खेळला होता. चषक उचलायला जाताना मात्र खेळाडूंनी आपले निळे-लाल शर्ट चढवले.

माझं मत असं की कूमनचं सगळं नशीब या गोलाने ठरवलं, चांगलंही आणि वाईटही. या गोलामुळे तो क्रायफचा मानसपुत्र ठरला. देखणा, हल्लेखोर, चेंडूवर हुकमत ठेवणारा खेळ पुढे नेईल तो हाच, अशी लोकांनी मनाशी गाठ बांधली. प्रत्यक्षात क्रायफकडून त्याने खेळायला संधी घेतली, विचार घेतला नाही. विचार त्याचा घरचाच होता, उत्तर नेदरलँड्समधल्या एका फुटबॉलपटूच्या घरचा. हातात काय आहे ते पाहायचं, गोल कमीत कमी खायचे आणि निकाल काढायचा.

घर म्हणजे मार्टिन कूमन यांचं. मार्टिन स्वतः बचावपटू, ग्रोनिंगन शहराच्या क्लबचे जुने खेळाडू आणि देशाकडून एक सामना खेळलेले. थोरला मुलगा एर्विन १९६१चा, धाकटा रोनाल्ड २१ मार्च १९६३चा. जन्म अॅमस्टरडॅमजवळच्या झानडॅमचा, पण वाढला ग्रोनिंगनमध्ये. १९८० साली सतराव्या वर्षी रोनाल्ड एफसी ग्रोनिंगनकडून पहिल्या दर्जाचं फुटबॉल खेळू लागला. दोघं भाऊ १९८३ साली राष्ट्रीय संघात आले. त्याच वर्षी अयाक्सने रोनाल्डला अॅमस्टरडॅमला नेलं. तिथे त्याला १९८५चं विजेतेपद मिळालं आणि शेवटच्या हंगामात प्रशिक्षक म्हणून क्रायफ भेटला.

मग १९८६ साली तो आइंडहोवनच्या पीएसव्हीकडे गेला. अयाक्सच्या चाहत्यांना हे झोंबलं. नेदरलँड्समध्ये अयाक्स, पीएसव्ही आणि फेयेनोर्ड ही तीन घराणी आहेत आणि त्यांच्यात सोयरीक चालत नाही. कूमनने पुढे तिन्ही घरांत संसार केला, तोही दोन-दोनदा. त्याबद्दल त्याला कधी संकोच वाटल्याचं दिसत नाही.

पीएसव्हीत तीन वर्षांत तीन विजेतेपदं. पण लक्षात राहतं ते १९८८. गुस हिडिंक प्रशिक्षक असलेल्या या संघाने त्या वर्षी युरोपियन चषक जिंकला आणि तो जिंकताना उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे एकही सामना जिंकला नाही. बोर्दोशी दोन बरोबऱ्या, रेआल माद्रिदशी दोन बरोबऱ्या. परक्या मैदानावर केलेल्या गोलाला जास्त वजन देण्याचा नियम तेव्हा होता, त्यावर दोन्ही वेळा पुढे सरकले. श्टुटगार्टच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाशी ०-० आणि मग पेनल्टींवर ६-५. पीएसव्हीची पहिली पेनल्टी कूमनने मारली. या पाच सामन्यांत पीएसव्हीने फक्त दोन गोल खाल्ले. ज्यांना कूमन प्रशिक्षक म्हणून बुचकळ्यात टाकतो, त्यांनी वेम्ब्ली जरा बाजूला ठेवून आधी हे पाच सामने आठवावेत.

त्याच मे महिन्यात थोरल्या एर्विनने बेल्जियमच्या मेकेलेनकडून युरोपियन कप विनर्स कप जिंकला, अंतिम सामन्यात अयाक्सला हरवून. एका घरात एका महिन्यात दोन युरोपीय चषक आले. आणि महिनाभराने दोघंही राष्ट्रीय संघाचे नारिंगी शर्ट घालून पश्चिम जर्मनीत युरो स्पर्धा खेळत होते.

२१ जून १९८८, हॅम्बर्ग. उपांत्य सामना, समोर यजमान पश्चिम जर्मनी. डच माणसासाठी हा सामना निव्वळ खेळाचा नव्हता. १९७४ साली म्युनिकमध्ये क्रायफच्या संघाने जर्मनीकडून विश्वचषकाची अंतिम लढत गमावली होती, आणि त्यामागे महायुद्धातल्या पाच वर्षांच्या जर्मन अंमलाची आठवण होती. जर्मनीच्या लोथार मॅथेउसने पेनल्टीवर गोल केला. उत्तरादाखल कूमनने पेनल्टीवरच बरोबरी साधली आणि अगदी शेवटी मार्को व्हॅन बास्टेनने घसरत जाऊन विजयी गोल मारला. सामना संपल्यावर कूमनने जर्मनीच्या ओलाफ थोनशी शर्ट बदलला आणि चाहत्यांसमोर त्या शर्टाने पार्श्वभाग पुसल्याचा अभिनय केला. हे छायाचित्र आजही त्याची पाठ सोडत नाही. विजय इतका मोठा होता की त्याला या टवाळीची गरज नव्हती. चार दिवसांनी म्युनिकमध्ये, म्हणजे १९७४च्याच मैदानावर, सोव्हिएत संघाला २-० हरवून रिनुस मिशेल्सच्या संघाने युरो जिंकला. नेदरलँड्सच्या पुरुष संघाच्या नावावर आजवर जमा असलेला मोठा चषक हा एवढाच.

आता मुळातला प्रश्न. बचावपटूने इतके गोल करायचे कसे? कूमनने लीग सामन्यांत मिळून दीडशेहून कितीतरी अधिक गोल केले. यष्टिरक्षकाने सलामीच्या फलंदाजाइतकी शतकं ठोकावीत, तशातला हा प्रकार. १९९३-९४च्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपियन चषकाच्याच नव्या अवतारात, तर आठ गोल करून तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या जोडीत होता. यातले पुष्कळ गोल पेनल्टी आणि फ्री-किकवरचे, हे खरंच आहे. पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही.

ऐंशीच्या दशकात बहुतेक संघ दोन आघाडीवीर घेऊन खेळत. त्यांना धरायला दोन बचावपटू आणि त्यांच्या मागे एक मोकळा माणूस, म्हणजे स्वीपर, अशी पद्धत होती. सुटलेला चेंडू झाडून बाहेर काढणं हे या मोकळ्या माणसाचं काम. डच प्रशिक्षकांनी या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याला धरायला कोणी नसतं, मग आपला सगळ्यात चांगला पास देणारा तिथेच का ठेवू नये? त्याने चेंडू घेऊन मध्यरेषेकडे पाऊल टाकलं की मधल्या फळीत आपला एक माणूस वाढतो. समोरच्याने त्याला अडवायला कोणी पाठवला की दुसरीकडे कोणीतरी मोकळा सुटतो. कूमन तिथून मैदान तिरकं छेदत चाळीस-पन्नास मीटरचा पास थेट बगलेवरच्या खेळाडूच्या पायात टाकायचा. हा पास पाहायला त्याच्या गोलांइतकाच देखणा होता, फक्त गुणफलकावर त्याची नोंद नसते.

अडचण वेगाची. कूमन हळू होता. पाठीमागे मोकळी जागा सोडून शर्यत लावली तर पहिल्या फळीतला कोणताही धावपटू त्याला मागे टाकेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९८९ साली बार्सिलोनाने त्याला घेतलं आणि काही काळाने क्रायफने त्याच्या पुढ्यात पेप ग्वार्दिओला नावाचा हडकुळा मुलगा आणून उभा केला, तोही तसाच संथ. संघाच्या कण्यात दोन संथ माणसं! क्रायफचा हिशोब असा की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात फिरता ठेवला तर शर्यतीची वेळच येणार नाही. हिशोब बहुतेक वेळा जमला. १९९१ ते १९९४ ओळीने चार स्पॅनिश विजेतेपदं आली. त्यातली शेवटची तिन्ही हंगामाच्या अखेरच्या दिवशी, इतर संघांनी हातातलं घालवल्यामुळे पदरात पडली, हेही नोंदवायला हवं. जानेवारी १९९४मध्ये रेआल माद्रिदला ५-० धुतलं, त्यातही कूमनची एक फ्री-किक होती. सोनेरी केसांवरून चाहते त्याला टिनटिन म्हणत.

आणि जेव्हा हिशोब जमला नाही, तेव्हा धडधडीत जमला नाही. मे १९९४, अथेन्स, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. एसी मिलानने बार्सिलोनाला ४-० हरवलं. त्या रात्री क्रायफच्या संघाची पाठ किती उघडी असते ते जगाने पाहिलं. त्या उघड्या पाठीशी उभा राहिलेला माणूस पुढे प्रशिक्षक झाला आणि त्याने आयुष्यभर पाठ झाकायचा विचार केला, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

त्याआधीची ऑक्टोबर १९९३ची रॉटरडॅमची रात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विश्वचषकाची पात्रता, नेदरलँड्स विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट एकटाच गोलकडे सुटला. कूमन मागे पडला होता, त्याने सरळ त्याला धरून ओढलं. नियमाने लाल कार्ड. जर्मन पंचांनी पिवळं दाखवलं. थोड्याच वेळात दुसऱ्या टोकाला नेदरलँड्सला फ्री-किक मिळाली. कूमनने मारलेला पहिला फटका भिंतीतून आधीच धावत सुटलेल्या पॉल इन्सने अडवला. पंचांनी फटका पुन्हा घ्यायला लावला. आता इंग्लंडची भिंत तोफगोळ्याच्या तयारीत ताठ उभी. कूमन तसाच धावत आला आणि ऐन वेळी त्याने चेंडू अलगद उचलून भिंतीवरून टाकला. डेव्हिड सीमन हात लांबवून पाहतच राहिला. नंतर डेनिस बर्गकॅम्पने दुसरा गोल केला, इंग्लंड १९९४च्या विश्वचषकाला मुकलं आणि प्रशिक्षक ग्रॅहम टेलर यांना पद सोडावं लागलं. ज्याने मैदानाबाहेर असायला हवं होतं, त्यानेच गोल करावा, हे इंग्रजांना अजून पचलेलं नाही. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. पण सगळे जोरदार फटक्याची वाट पाहत असताना हळू फटका सुचणं, याला नुसता पाय पुरत नाही.

अमेरिकेतल्या त्या विश्वचषकात कूमन डच संघाचा कर्णधार होता. डॅलसमध्ये उपांत्यपूर्व सामन्यात ब्राझीलने ३-२ असं हरवलं. निर्णायक गोल ब्रान्कोचा, लांबून मारलेल्या फ्री-किकवरचा. ७८ सामने आणि १४ गोलांची कूमनची आंतरराष्ट्रीय कारकीर्द दुसऱ्याच्या फ्री-किकने संपली. दोन वर्षं फेयेनोर्डकडून खेळून १९९७ साली त्याने बूट काढले.

प्रशिक्षकाची उमेदवारी त्याने रीतसर केली. १९९८च्या विश्वचषकात हिडिंकच्या हाताखाली, मग बार्सिलोनात लुई व्हॅन गालच्या हाताखाली, जिथे जोझे मोरिन्यो नावाचा आणखी एक सहायक होता. २०००मध्ये व्हिटेसे या क्लबचं पहिलं स्वतंत्र काम आणि डिसेंबर २००१मध्ये अयाक्स. इथे त्याच्या हाती झ्लाटान इब्राहिमोविच, राफाएल व्हॅन डर व्हार्ट, वेस्ली स्नायडर अशी पोरं लागली. २००२ आणि २००४ची विजेतेपदं आली. २००३च्या चॅम्पियन्स लीगमध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीत मिलानकडून शेवटच्या क्षणी हरला. पुढे तांत्रिक संचालक म्हणून व्हॅन गाल येऊन बसला, दोघांचं फाटलं आणि २००५च्या सुरुवातीला कूमनने अयाक्स सोडलं. ही भांडाभांडी डच वर्तमानपत्रांना अनेक वर्षं पुरली.

बेन्फिकातलं एक वर्ष चांगलं गेलं. चॅम्पियन्स लीगच्या गटात मँचेस्टर युनायटेडला मागे टाकलं, मग गतविजेत्या लिव्हरपूलला दोन्ही सामन्यांत हरवलं. दुसरा सामना लिव्हरपूलच्याच मैदानावर २-०. एकही गोल न खाता. हा खरा कूमन. पीएसव्हीत २००७चं विजेतेपद आलं ते तर कादंबरीत शोभेल असं. शेवटच्या दिवशी अल्कमारचा एझी, अयाक्स आणि पीएसव्ही तिघंही समान गुणांवर. एझी छोट्या एक्सेल्सियरकडून हरला, अयाक्सने २-० जिंकलं, पीएसव्हीने व्हिटेसेला ५-१ हरवलं आणि अयाक्सपेक्षा फक्त एका गोलाच्या फरकाने मुकुट पटकावला.

यानंतर घसरण. ऑक्टोबर २००७मध्ये हंगाम मोडून तो व्हॅलेन्सियाला गेला. आल्याआल्या कान्यिसारेस, अल्बेल्दा आणि अंगुलो या तीन जुन्या, चाहत्यांच्या लाडक्या खेळाडूंना त्याने बाजूला काढलं. ड्रेसिंग रूम दुभंगली. संघ तळाच्या तीन जागांकडे घसरू लागला. एप्रिल २००८मध्ये याच संघाने कोपा देल रेय हा स्पेनचा चषक जिंकला आणि आठवडा उलटायच्या आत कूमनला घरी पाठवलं गेलं. चषक जिंकून नोकरी जाण्याचं असं उदाहरण शोधावं लागेल. २००९मध्ये एझीकडे गेला, तिथे डिसेंबरसुद्धा पुरा काढता आला नाही. बहुतेकांनी त्याला निकालात काढलं.

मला कूमनमधला प्रशिक्षक आवडतो तो इथून पुढचा. २०११ साली त्याला फेयेनोर्डने बोलावलं तेव्हा त्या क्लबची रया गेली होती. डोक्यावर कर्ज, आदल्या हंगामात पीएसव्हीकडून १०-० असा पराभव आणि खेळाडूंनीच मतदान करून प्रशिक्षकावर अविश्वास दाखवलेला. नवे खेळाडू घ्यायला पैसा नाही. कूमनने क्लबच्या शाळेतली मुलं वर काढली. स्टेफान डे व्राय, ब्रुनो मार्टिन्स इंडी, यॉर्डी क्लासी. तीन हंगामांत दुसरा, तिसरा, दुसरा क्रमांक. याच मुलांपैकी काहींना घेऊन, पाच बचावपटूंची रचना करून, व्हॅन गालने २०१४च्या विश्वचषकात स्पेनला ५-१ हरवलं आणि नेदरलँड्सने तिसरा क्रमांक मिळवला. ज्याच्याशी बोलणं तुटलेलं, त्याच्याच पोसलेल्या पोरांवर व्हॅन गालची कीर्ती उभी राहिली.

कूमन तोवर इंग्लंडमध्ये, साउदॅम्प्टनला पोचला होता. त्या उन्हाळ्यात क्लबने लल्लाना, लॅम्बर्ट, लव्हरेन, शॉ, चेंबर्स असे पाच मोहरे विकले. कूमनने सरावाच्या ओसाड मैदानाचा फोटो ट्विटरवर टाकला आणि आम्ही सरावाला तयार आहोत, अशा अर्थाची ओळ खाली लिहिली. हा संघ खालच्या श्रेणीत जाणार, असं भाकीत करणाऱ्यांची तेव्हा रांग लागली होती. कूमनने हॉलंडमधून टाडिच आणि पेले आणले, ऑस्ट्रियातून साडिओ माने आणला. पहिल्या हंगामात अडतीस सामन्यांत संघाने फक्त ३३ गोल खाल्ले आणि सातवा आला. दुसऱ्या हंगामात ६३ गुण मिळवून सहावा, लिव्हरपूल आणि चेल्सी दोघांच्या वर. मधल्या काळात सेल्टिककडून एक उंच, शांत डच बचावपटू घेतला होता. त्याचं नाव व्हर्जिल व्हॅन डाइक. बचावपटूची पारख बचावपटूलाच.

मग एव्हर्टन. इथे पैसा होता. २०१७च्या उन्हाळ्यात क्लबने खर्चाला हात आखडता घेतला नाही. रुनी, सिगुर्डसन, क्लासन असे एकाच जागेवर खेळणारे तिघं घेतले आणि लुकाकू गेल्यावर गोल कोण करणार, याची सोय मात्र करायची राहून गेली. ऑक्टोबरमध्ये संघ अठराव्या स्थानावर असताना कूमनची गच्छंती झाली. व्हॅलेन्सिया, एव्हर्टन आणि नंतर बार्सिलोना या तीन ठिकाणच्या अपयशांत एक धागा आहे. जिथे भोवती मोठी नावं, मोठी बिलं आणि मोठ्या अपेक्षा होत्या तिथे तो गोंधळला. जिथे घर रिकामं होतं तिथे त्याने ते भरलं.

फेब्रुवारी २०१८मध्ये डच राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला, तेव्हा ते घरही रिकामंच होतं. २०१६चा युरो आणि २०१८चा विश्वचषक, दोन्हीची पात्रता हुकलेली. व्हॅन डाइक कर्णधार झाला. त्याच वर्षी नेशन्स लीगमध्ये जर्मनीला ३-० आणि जगज्जेत्या फ्रान्सला २-० हरवलं. गटातला शेवटचा सामना जर्मनीत, गेल्झेनकिर्शनला. पाच मिनिटं उरली असताना डच संघ ०-२ पिछाडीवर. बाकावरून एक चिठ्ठी मैदानात गेली. व्हॅन डाइकने बचाव सोडून सरळ पुढच्या फळीत जाऊन उभं राहायचं, असा त्या योजनेचा गाभा. ८५व्या मिनिटाला प्रोमेसने एक गोल केला, नव्वदाव्या मिनिटाला व्हॅन डाइकनेच बरोबरी साधली आणि संघ अंतिम टप्प्यात गेला. बचावपटूने गरजेला गोल करावा, हे कूमनला कोणी शिकवायला नको होतं. जून २०१९मध्ये पोर्तोच्या अंतिम सामन्यात पोर्तुगालने १-० हरवलं.

मे २०२०मध्ये हृदयाचा त्रास होऊन त्याच्यावर उपचार झाले. तीन महिन्यांनी बार्सिलोनाचा फोन आला. बायर्न म्युनिककडून ८-२ असा मार खाऊन संघ कोसळला होता, क्लब कर्जात बुडाला होता, आणि कूमन आल्यावर आठवडाभरात मेस्सीने सोडून जाण्याची इच्छा लेखी कळवली. शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. पण वेम्ब्लीच्या माणसाला बार्सिलोनाला नाही म्हणणं जमण्यासारखं नव्हतं. त्याने पेद्री, अराउहो, गावी या कोवळ्या मुलांना खेळवलं. एप्रिल २०२१मध्ये अॅथलेटिक बिल्बाओला ४-० हरवून कोपा देल रेय जिंकला. आदल्या वर्षी थांबलेला मेस्सी त्या उन्हाळ्यात गेला, तो मात्र कायमचाच.

२० सप्टेंबर २०२१. कॅम्प नू, प्रतिस्पर्धी ग्रानाडा, बार्सिलोना पिछाडीवर. कूमनने जेरार पिके या मध्य बचावपटूला आघाडीवर पाठवलं, शेजारी उंचपुरा लुक डे योंग, आणि दोन्ही बगलांतून चेंडू पेनल्टी क्षेत्रात भिरकावायला सुरुवात केली. सामना संपला तेव्हा असे क्रॉस ५४ झाले होते. गेल्झेनकिर्शनला जे हुशारी ठरलं, तेच इथे पाप ठरलं. अगदी अखेरीस अराउहोने हेडरवर बरोबरी केली, पण प्रेक्षक भयचकित झाले होते. क्रायफच्या मैदानावर हे असलं फुटबॉल! हा खेळाडूंचा संच आठ वर्षांपूर्वीचा नाही, जे आहे त्यात भागवायचं, अशा आशयाचं उत्तर कूमनने दिलं. उत्तर खरं होतं. बार्सिलोनात मात्र खरं उत्तर देणाऱ्याला नोकरी टिकवता येत नाही. ऑक्टोबरमध्ये रेआल माद्रिदकडून हरल्यावर स्टेडियमबाहेर संतप्त चाहत्यांनी त्याच्या गाडीला गराडा घालून तिच्यावर थापा मारल्या. तीनच दिवसांनी रायो व्हायेकानोकडून पराभव झाला आणि त्याच रात्री त्याला काढलं गेलं. त्याच्या जागी क्लबचा जुना खेळाडू चावी आला.

२०२३ साली व्हॅन गालनंतर कूमन पुन्हा राष्ट्रीय संघाकडे आला. २०२४च्या युरोत ऑस्ट्रियाविरुद्ध मधल्या फळीतला व्हेर्मान चाचपडतोय असं दिसताच त्याने ३५व्या मिनिटालाच त्याला बाहेर काढलं. मुलाच्या भावनांचं काय, असा गहजब झाला. संघ मात्र उपांत्य सामन्यापर्यंत गेला आणि डॉर्टमुंडला इंग्लंडच्या वॉटकिन्सने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून त्याला घरी पाठवलं. रॉटरडॅमच्या त्या रात्रीची परतफेड इंग्रजांनी तीस वर्षांनी केली, असं म्हणायला हरकत नाही.

खेळाडू म्हणून कूमन पहिल्या पंगतीतला, प्रशिक्षक म्हणून दुसऱ्या. त्या दुसऱ्या पंगतीत त्याच्यासारखी नोंद मात्र कोणाची नाही. अयाक्स, पीएसव्ही आणि फेयेनोर्ड या तिन्ही क्लबांकडून खेळलेला आणि तिन्हींचा प्रशिक्षक झालेला तो एकटाच. विश्वचषकात तो दोनदा खेळाडू म्हणून उतरला, एकदा सहायक म्हणून बाकावर बसला, पण मुख्य प्रशिक्षक म्हणून संघ नेण्याची संधी त्याला साठी उलटेपर्यंत मिळाली नव्हती. नोव्हेंबर २०२५मध्ये लिथुआनियाला ४-० हरवून नेदरलँड्सने २०२६च्या विश्वचषकातली आपली जागा पक्की केली, तेव्हा कूमन ६२ वर्षांचा होता.